रोबोटनं घ्यायला लावलेली साइट

आम्ही येलहंकाला राहायला कसे आलो म्हणता? रोबोटनं पाठवलं. हसू नका, आधी ऐका!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथं घर बांधायला एक साइट, म्हणजे प्लॉट, मिळत होती. आई वर्षभर मागे लागली होती आणि वडील, आमचे अण्णा, दर वेळी म्हणायचे, "बघू." शेवटी भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेत तिनं त्यांना भविष्य सांगणाऱ्या रोबोटपुढे उभं केलं. त्याचा हेडफोन कानाला लावून अण्णा गंभीरपणे मान डोलवत राहिले. मग म्हणाले, "सरी, ठरलं, साइट घेऊ या."

आई चक्रावली. "काय म्हणाला तो?"

"काही कळलं नाही. मल्याळममध्ये बोलत होता."

"अहो, मग घ्या म्हणाला की नको?"

"ते कुणाला ठाऊक! पण काय ठाम बोलतो गं! आपल्या घरात असं कोण बोलतं?"

साइट घेतली, घरही झालं. वास्तुशांतीच्या पंगतीत तूप वाढता वाढता आईनं हळूच विचारलं, "अहो, तो नको तर म्हणाला नसेल ना?"

अण्णांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "बघू."