मीच मला पाठवलेली पाकिटं

माझं मूळ गाव रेणापूरच्या जवळ, नाव नका लिहू, तिथं अजून आमची भावकी आहे आणि आधीच निम्मं गाव मला पाहिलं की बोलणं थांबवतं, आला बघा लेखक, आता समदं छापून येणार म्हणतात. तो मोबाइल असा समोरच ठेवा, चालू आहे का बंद ते दिसू द्या. राग मानू नका, सवय आहे.

घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन बरं, पाटलाच्या भावकीतलं, वाचणारं मात्र कुणीच न्हाई. सातवीत असताना मी गॅदरिंगसाठी एक नाटुकलं लिहिलं. लई रंगलं. शेवटी माईकवरून लेखक म्हणून नाव पुकारलं ते गुरुजींच्या भाच्याचं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पडद्यामागं हातात खोटी मिशी घेऊन उभा, बोटाला डिंक लागलेला. त्या दिवसापासून माझा कुणावर विश्वास बसत न्हाई. हे सांगून मी सुटायला बघत न्हाई, फक्त कुठून सुरू झालं ते सांगून राहिलो.

पुढं विष्णुपुरीला एका कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो, म्हणून नांदेडला घर केलं. लिहिणं चालूच. तीन कादंबऱ्या, दोन कथासंग्रह, सगळे मीच छापले आणि मीच पिशवीत घालून विकले, नांदेडला, लातूरला, जिथं कार्यक्रम असेल तिथं दाराशी उभं राहून. प्रकाशकाकडं दिलं तर तो महिनोन्महिने ठेवून घेणार, कुणाला वाचायला देणार, तो कुणाला सांगणार, असा माझा हिशेब. डीटीपीवाल्याकडं मी स्वतः बसून टाईप करून घ्यायचो आणि उठताना त्याच्या कॉम्प्युटरमधली फाईल पुसायला लावायचो. तो म्हणायचा, सर, इथं लग्नपत्रिका छापणारे येतात, तुमची कादंबरी कोण चोरणार हो?

मग कुणीतरी सांगितलं, लिहून झालं की प्रत पाकिटात घाला, बंद करा, रजिस्टर पोस्टानं आपल्याच पत्त्यावर पाठवा, आलं की उघडू नका, वरचा शिक्का हा पुरावा. झालं. मी प्रत्येक कथा अशी पाठवायला लागलो. आमचे पोस्टमन चाचा दारातच हसायचे, क्या साब, फिर खुदकूच खत? खैरियत तो पूछी क्या खुदकी? बायको म्हणायची, बाकीच्यांच्या नवऱ्यांना दुसऱ्या बायांची पत्रं येतात म्हणून भांडणं होतात, आमच्याकडं तेवढंही नशिबात न्हाई. पाकिटं मी लोखंडी पेटीत ठेवायचो. जुन्या डायऱ्याही तिथंच. कुलूप. चावी करदोट्याला.

सुधाकर मला भेटला बारा वर्षांखाली, एका लेखन शिबिरात. भोकरचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. बौद्ध घरातला, वडील लवकर गेलेले, आईनं मजुरी करून शिकवलेला. मला दादा म्हणायचा. कमी लिहायचा, पण लिहिलं की दोन दिवस डोक्यातून जायचं न्हाई. मी त्याच्या घरी जायचो, त्याची आई, मी मावशी म्हणायचो, चुलीवरची ज्वारीची भाकरी वाढायची आणि वाढता वाढता बोलत राहायची. तोही माझ्याकडं मुक्कामाला यायचा, त्या पेटीच्याच खोलीत झोपायचा. हे लक्षात ठेवा, पुढं मी ह्याचाच दगड करून त्याला मारला.

लातूरला आमची महिन्याची बैठक असते. पंधरा-वीस लिहिणारे जमतात, एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. चार वर्षांखाली सुधाकरनं तिथं नवी कथा वाचली. विष्णुपुरीचं धरण बांधताना कामावर असलेली एक बाई, ओल्या सिमेंटात आपल्या लेकराचं पाऊल उमटवते, मुकादम ओरडतो, थापीनं पुसून टाकतो, ती संध्याकाळी सगळे गेल्यावर पुन्हा येते आणि पुन्हा उमटवते. आता त्याच्यावर गोदावरीचं पाणी आहे.

काय सांगू तुम्हाला. ही माझी कथा. माझ्या पेटीत, पाकिटात, शिक्क्यासहित. मी रोज कामावर जाताना ते पाणी बघतो, बघता बघता मला सुचलेली. मला वाटलं, हा मुक्कामाला आला तेव्हा ह्यानं पेटी उघडली.

चहाच्या वेळी त्याला बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं. मी तसं केलं न्हाई. आज खरं सांगतो, तो आमच्या घराण्यातल्या कुणाचा पोरगा असता तर मी बाजूलाच घेतलं असतं, चूक झाली असेल म्हटलं असतं. ह्याच्या बाबतीत मला चोरी लगेच पटली. ह्या घरातल्या पोराला एवढं कुठून सुचणार, असं मनात आलं, शब्दांत न्हाई पण आलं. बारा वेळा त्यांच्या ताटात जेवलेला माणूस मी, माझ्या मनात हे आलं.

पुढच्या महिन्यात मी पाकीट घेऊन गेलो. सगळ्यांसमोर शिक्का दाखवला, तारीख वाचायला लावली, ब्लेडनं कापलं आणि उभ्यानं वाचलं. तोच मुकादम, तीच थापी, तेच पाऊल. फक्त माझ्यात शेवटी पाणी चढतं आणि बाई मरते. मी म्हटलं, सुधाकर, तुझ्याकडं काही पुरावा? तो उभा राहिला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, पुरावा पाण्याखाली आहे दादा. लोक हसले. बघा, पकडला गेला तरी डायलॉग मारतो, कुणीतरी म्हणालं. मीही हसलो. तो वही पिशवीत घालून निघून गेला. त्यानंतर त्यानं लिहिणं सोडलं. कुठं छापून येणं न्हाई, बैठकीला येणं न्हाई. मला आत कुठंतरी बरं वाटलं, हेही लिहून घ्या.

गेल्या वर्षी नव्या कादंबरीसाठी पेटी उपसून राहिलो होतो. बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीत आयुष्य काढलेल्या माणसाची ती कादंबरी, अजून चालू आहे. त्यासाठी जुन्या डायऱ्या चाळत होतो, ऐकलेलं टिपून ठेवायची मला खोड. एका पानावर माझंच अक्षर. भोकर. सु.ची आई. धरणावर कामाला होती. ओल्या सिमेंटात लेकराचं पाऊल. मुकादमानं थापीनं पुसलं. संध्याकाळी पुन्हा. आणि खाली दोनदा रेघ मारून, वापरता येईल.

भाकरी खाताना ऐकलं, टिपलं, विसरलो, आणि काही वर्षांनी पाण्याकडं बघून मला सुचलं असं मला वाटलं. शपथेवर वाटलं. शिक्का खराच होता हो. पण तो फक्त तारीख सांगतो, कुणाचं आहे ते सांगत न्हाई.

भोकरला गेलो. सुधाकर दारात, म्हणाला, या साहेब. दादाचा साहेब झाला होता. आत गेला तो आलाच न्हाई बाहेर, पेपर तपासत बसला. मावशी आता थकलीय, पण कान शाबूत. मी तिच्या पायाशी डायरी ठेवली, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आन म्हणाली, म्हंजे तू बी लिवलंस व्हय? वाच की मंग.

मी वाचलं. मधी थांबवलं तिनं, म्हणाली, रडले असं लिवलंस, म्या रडले न्हवते, दुसऱ्यांदा पाऊल लावलं तवा लेकराला गार लागलं आन ते हसलं, मंग म्या बी हसले. शेवट आला तशी ती टक लावून बघायला लागली. मेली? मला कशाला मारलंस रे बाबा? मी म्हटलं, मावशी, गोष्टीला शेवट लागतो. मंग मुकादमाला मारायचं की, म्या काय केलं व्हतं?

मी विचारलं, मावशी, आणि ते लेकरू? तिनं हनुवटीनं आतल्या खोलीकडं दाखवलं. त्यो काय, पेपर तपासून राहिला.

म्हणजे मी भर बैठकीत ज्याच्याकडं पुरावा मागितला, त्याचं स्वतःचं पाऊल तिथं पाण्याखाली होतं. आणि आईचं नाव वीस लोकांच्या चहात ओढायला नको म्हणून तो गप्प राहिला.

निघताना सुधाकर बाहेर आला. झालं? आता हेबी लिहाल. मी म्हटलं, न्हाई. तो म्हणाला, कशावरून?

ह्याला माझ्याकडं पाकीट न्हवतं.

लातूरच्या बैठकीत मी उभा राहून सगळं कबूल केलं. त्या घरातल्या पोराला एवढं कुठून सुचणार, असं मनात आलं होतं ते सुद्धा. तर एकजण म्हणाला, केवढं मोठं मन, सरांना शाल घालू. बघा आमची साहित्यसंस्कृती, चोरी केली तरी शाल, कबूल केली तरी शाल. मी घेतली न्हाई. पण माझाच मला संशय आला, कारण कबुली देताना कुठल्या वाक्याला लोक गप्प होतील हे मला ठाऊक होतं आणि तिथं मी थांबलो होतो. म्हणून हे मी लिहीत न्हाई, तुम्हाला सांगून राहिलो. माझ्या हाताला लागलं तर पुन्हा माझं होऊन बसेल. तुम्ही लिहा आणि छापायच्या आधी भोकरला जाऊन मावशीला वाचून दाखवा. ती जे खोडील ते खोडा.

आता बैठकीत आम्ही एक नियम केलाय. कथा वाचायच्या आधी ती कुणी सांगितली त्याचं नाव घ्यायचं, चालत असेल तर त्याला सोबत आणायचं. मागं रेणापूरची एक बाई आली, तिनं लेखकाला तोंडावर सांगितलं, माझी सून एवढी गरीब न्हाई, नीट लिव्ह. लई हसलो. मला वाटतं, आमच्या भागात पुरस्कार वाढावेत त्यापेक्षा लेखक येऊन बसला तरी लोकांनी बोलणं थांबवू नये, एवढं झालं तरी पुष्कळ. माझ्या चौकशी खिडकीवाल्यालाही मी दर पंधरा दिवसांनी नवं प्रकरण ऐकवतो. तो निम्मं नापास करतो.

गेल्या बैठकीला सुधाकर आला होता. कुणी बोलावलं न्हवतं. दाराजवळ बसला, वाचलं काही न्हाई. मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी गच्च धरलेली. मी चहा घेऊन जवळ गेलो तर ती त्यानं पलीकडच्या बाजूला सरकवली, चहा घेतला एका हातानं. मी कप देऊन माझ्या जागेवर येऊन बसलो. माझ्यावर त्यानं विश्वास ठेवावा असं मी कशाच्या जोरावर म्हणू? ठेवू नये त्यानं. पण रिकामी पिशवी कुणी एवढी गच्च धरत न्हाई हो. त्याची पिशवी भरती राहो, मला न्हाई दाखवली तरी चालेल.