भावोजींशिवाय चालणारा सर्व्हर

वहिनी : फुकट आहे हे कळलं, भावोजी. पण नव्या सर्व्हरवर हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, तर चालवणार कोण?

भावोजी : मी! ऑफिसच्या सगळ्या फायली आजवर कोण सांभाळत आलंय?

वहिनी : तेच तर. तुम्ही आणि संगणकावरचा तो काळा पडदा. दोघं काय कुजबुजता, आम्हाला पत्ता नाही.

भावोजी : कुजबुजतो कुठे? आज्ञा देतो.

वहिनी : घरी मांजरसुद्धा ऐकत नाही, म्हणून इथे हौस भागवता.

भावोजी : चेष्टा पुरे. खोक्यांची डिझाइनं काढणारी आपण मूठभर माणसं. मोठ्या कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे दारात हत्ती बांधणं.

वहिनी : हत्ती नकोच. पण तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा सर्व्हर बंद पडला. बिस्किटवाल्यांची डिझाइनं आत अडकली, आणि मी तुमच्या उशाशी. नाकात नळी, आणि तुम्ही पासवर्ड सांगताय!

भावोजी : बरोबर सांगितला ना पण?

वहिनी : सांगितलात हो. नर्सबाईंनी मला बाहेर काढलं. माझीच मला लाज वाटली.

भावोजी : मग सरळ म्हणा ना, भावोजी, आता तुम्ही घरी बसा.

वहिनी : असं म्हटलं का मी? फुगलंच लगेच नाक!

भावोजी : ...याच फुकटच्या सॉफ्टवेअरला बटणांचं पान जोडता येतं. काळा पडदा लागतच नाही. कुणीही चालवेल.

वहिनी : अगंबाई! मग आजवर का नाही जोडलंत?

भावोजी : वेळ नाही मिळाला.

वहिनी : वेळ! बरं, तसं म्हणू.

(शनिवार दुपार. नवा सर्व्हर सुरू झाला आहे. हिशेब बघणाऱ्या बाई संगणकासमोर, मागे दोघं उभे.)

बाई : मुद्दाम पुसलेली फाइल परत आणायची ना? इथे दाबू?

भावोजी : थांबा, आधी ते वरचं—

वहिनी : भावोजी, हात खिशात. तोंडसुद्धा.

भावोजी : तोंड खिशात कसं घालू?

बाई : आली! चहाचं खोकं, झाकणासकट!

वहिनी : शाब्बास! ठरलं, हेच ठेवायचं. भावोजी, आता काढा हात खिशातून.

भावोजी : राहू देत. छान झालं.

वहिनी : म्हणजे आता तुम्हाला इथे कामाशिवाय यावं लागणार. चहाला, गप्पांना. जमेल?

भावोजी : बघतो. सवय नाही.