जखमेचं मेडल

जबाब, दि. २६ जानेवारी २०१२, दुपारी दीड वाजता, लातूर

मी पंचशीला भीमा सोनकांबळे, वय ६० वर्षे, धंदा निवृत्त अंगणवाडी सेविका, रा. भूकंप पुनर्वसन वसाहत, ता. औसा, जि. लातूर. समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, माझे पती नायक भीमा सोनकांबळे फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या डाव्या मांडीत छर्रे गेले. त्याचे मेडल मिळाले. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा. कोणी शाबासकी दिली तर ते म्हणायचे, "हे बहादुरीचं न्हाई, लागल्याचं हाय." त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसले. पती त्यात गेले, त्यांचा देह सापडला. मेडल ठेवलेली ट्रंक सापडली नाही.

माझी नात रेणुका लातुरात सिद्धराम येरोळे यांच्या सैन्यभरतीच्या क्लासला आहे. आज सकाळी तिथे झेंडावंदन होते म्हणून मी गेले. येरोळे सरांनी कोटावर डाव्या बाजूला तसेच मेडल लावले होते. स्वतःचे मेडल डावीकडे लावतात आणि गेलेल्या माणसाचे घरच्यांनी उजवीकडे. सर माईकवर पोरांना म्हणाले, "सीमेवर तीन दुश्मन लोळवले, तवा हे मिळालं." मला राग आला. तीन मारा का तीस, त्याला हे मेडल देत नाहीत. दुश्मनाच्या हातून जखम झाली तरच देतात.

मी उठून विचारले, "सर, जखम कुठं हाय?" ते म्हणाले, "मावशी, बसा खाली. जखम कशाची, साधा ओरखडा न्हाई आला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवर गेले. तोवर मला एवढेच वाटत होते की हा गडी कुठून तरी विकत आणून मिरवतो आहे. असल्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. माझ्याकडे चष्मा नव्हता. रेणुकाला बोलावून म्हटले, वाच. ती एकेक आकडा वाचू लागली. शेवटचे तीन आकडे तिच्या आधी मीच म्हटले. पेन्शनच्या कागदावर तो नंबर मी अठरा वर्षे लिहीत आले आहे.

मग मी मेडल ओढले. त्यात कोटाचा खिसा फाटला. येरोळे सरांची तशी तक्रार आहे, ती खरी आहे. हे लिहायचं का, असे जमादार साहेबांनी विचारले. मी म्हटले, लिहा. खिसा शिवून देते, मेडल त्यांना देत नाही.

उदगीरच्या भंगारवाल्याकडून घेतले, असे सर आता ठाण्यात म्हणाले. असेल. घासून चकचकीत ठेवले, एवढे उपकार मानते. क्लास बंद करा असे माझे म्हणणे नाही, रेणुकाची भरती तोंडावर आहे. फक्त पोरांसमोर खरे सांगावे. मला लई आनंद झाला आहे, सकाळपासून नुसती बोलतच राहिले. चष्मा नाही, सही वाकडी आली तर समजून घ्यावे.

पंचनाम्यासाठी मेडल ठाण्यात जमा करावे लागेल, आठ-पंधरा दिवस लागतील, असे साहेबांनी सांगितले. अठरा वर्षे थांबले, आणखी थांबेन. जबाब वाचून होईस्तोवर माझ्याकडे राहू द्या, एवढे मागितले. साहेबांनी टाचणी दिली.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी उभी राहून ऐकला, मेडल माझ्या पदरावर उजव्या बाजूला होते. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.