चौथा फड

नाना : पाटाचं दार कोनी उचलं, कुंदा?

कुंदा : मीच, अभिमन नाना.

नाना : खाली टाक.

कुंदा : द्राक्षाच्या वेली भिजू देत आधी.

नाना : पानी फडनं शे, तुनं नही. औंदा पांझराले पानी कमी. शिवारना चार फडमाईन तीन भिजतीन, चौथा, तुना बागना, कोरडा, हाई बठ्ठा गावनी ठरायेल शे. तू बी व्हतीस तठे.

कुंदा : होते. बाजरी एक साल नाही पेरली तर जमीन कुठे जात नाही. वेल मेली की तीन वर्षांची मेहनत गेली. हरभऱ्याएवढे मणी झालेत, नाना. वाइनवाले बाग बघून गेलेत.

नाना : दारूकरता पांझरानं पानी? वा!

कुंदा : मोहाची चालते तुम्हाला.

नाना : मोहले पाट लागस नही. एक फड, एक पीक. साल बदलनं, का पीक बदलस. तठे वेल लावाना आगोदर माले इचारं व्हतं का?

कुंदा : आमच्या निफाडला कोणी विचारत नाही.

नाना : तुनी कादवा नदी तठेच ऱ्हायनी. आठे पांझरा शे.

कुंदा : कुठली पांझरा? होळीपर्यंत वाहायची ती? वर धरण झाल्यापासून बंधाऱ्यावरून पाणी पडताना मी पाहिलं नाही. नदी बदलली, नियम तोच!

नाना : पानी कमी व्हयनं म्हनीसनच नियम.

कुंदा : तुमचा ऊस पहिल्या फडात. तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमची पाळी द्या मला.

नाना : ती मनी नही, फडनी शे. बहात्तरना दुष्काळमा तुना सासरा पाट राखनारा पाटकरी व्हता, आज मी शे. त्यानी सोतानी जवारी जळू दिधी. दार उचलं नही.

कुंदा : त्यांना ज्वारी पुन्हा पेरता आली.

नाना : खाली टाक, पोरी.

(दार पडल्याचा आवाज.)

कुंदा : टाकलं. आता बाग वाळताना बघायला या.

नाना : घरमा घागरी कितल्या?

कुंदा : कशाला?

नाना : घागरले पाळी नही. बंधारा बांधा तैपासूनना नियम शे हाऊ. डोकावर ली, का पानी घागरवालीनं.

कुंदा : एवढी बाग घागरीनं?

नाना : बठ्ठी नही वाचनार, काही ओळी वाचतीन.

कुंदा : तुम्ही घागर घेणार डोक्यावर? बायका हसतील, नाना.

नाना : हसू दे. मोठी माले दे. पह्यले कोनती ओळ, ते तू सांग.