सासू बाकावरून उठली नाई

...नाई, पन मले एक सांगा, मानसानं हट्ट धरून जावं तं कुठी जावं? लग्नाले जावं, दवाखान्यात जावं, पोरीच्या घरी जावं... माह्या सासूले जाचं होतं बाकावर! बसाच्या बाकावर व माय! अन् ते बाकबी अकोल्यातलं नाई, जिथं आमी राहतो. थेट अमरावतीतलं!

सासू म्हंजे मनकर्णाबाई. वय एकोणऐंशी, दात तीन, आवाज मात्र पन्नाशीतला. टीव्हीवर बातमी आली, का अमरावतीची गोलबाग दुरुस्त करून उघडली. इंग्रजाच्या काळातली, चार रस्त्याच्या मधात, चारी बाजूनं लोखंडी कठडा, मधात कारंजं. सासूनं चायचा कप खाली ठेवला अन् म्हने, "संध्या, मले तठी ने. बाकावर बसाचं हाय."

माह्या नवऱ्यानं, संघपालनं, पेपरातून डोकं काढलं. "आई, आपल्या कॉलनीत बाक हाय ना! नगरसेवकाचं नाव लिवलेलं हाय, ते पाठीले टोचते तेवढं, पन बाकच हाय!" सासू म्हने, "ते नाई." बस, दोन शब्द! मंग आठ दिवस भाजी निवडता निवडता 'ते बाक', आंथरून टाकता टाकता 'ते बाक'. म्या काई म्हटलं का? काई नाई म्हटलं! निस्तं सासूले येवढंच म्हटलं, का मामीजी, मले रजिस्ट्री ऑफिसात वर्साच्या आठ सुट्ट्या भेटते, त्यातल्या पाच तुमच्या डोयाच्या ऑपरेशनात गेल्या, दोन तुमच्या भाचीच्या साक्षगंधात गेल्या, आता जे एक उरली ते मी बाकावर घालवू का, रैवारी जाऊ ना? सासू म्हने, उद्याच!... घालवली. तुमाले सांगते, घालवली!

सकायच्या यष्टीनं अमरावतीले उतरलो, ऑटो केला. ऑटोवाला म्हने, "गोलबाग? मॉलच्या अलीकडे का पलीकडे?" सासू मांगून म्हने, "मॉल बागेच्या पलीकडे हाय! बाग पयले होती!" अन् तो चौक... बाप्पा बाप्पा! चारी बाजूनं गाड्या, हॉर्न, पुलाचं खोदकाम, त्यात कोनाच्या तरी वाढदिवसाचा डीजे! मी सासूचा हात धरून उभी, आता जाऊ, मंग जाऊ... शेवटी सासूनंच हात वर केला अन् ट्रक थांबवला. ट्रक!

पन गेटातून आत पाय टाकला ना... खरं सांगते, आवाज गेला. मांगून कोनी दोनी कानावर हात ठेवावा तसा गेला. बुचाचे उंच उंच झाडं, खाली पांढऱ्या फुलाचा सडा, एक खार आपल्याच नादात.  

बुचाखाली लोखंडाचं काळं बाक होतं, हाताले वेलबुट्टी. सासू त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. अन् बसेच ना! म्या म्हटलं, बसा ना मामीजी, यासाठी तं आलो! तं इकडे तिकडे पाहून हळूच म्हने, "मुकादम नाई ना कुठी?"

कोन मुकादम? तवा मले समजलं. माह्या लग्नाले बावीस वर्सं झाले, मले मालूमच नोतं! अकोल्याले राहाले याच्या आधी ही बाई चौदा वर्सं या बागेत रोजंदारीनं होती. निंदन, झाडनं, पानी देनं. अन् मुकादमाची ताकीद, "ए बाई! ते बाक साहेबलोकाईसाठी हाय! तुमी तिकडे पंपापाशी बसा!" चौदा वर्सं भाकर पंपापाशी खाल्ली. सासूनं सांगताना आवाजबी चढवला नाई. म्या काई म्हटलं का? काई नाई म्हटलं. या वक्ती खरंच नाई म्हटलं. पदरानं बाक पुसलं फक्त.

अन् सासू बसली! पाय जमिनीले पुरेना, तरी पाठ टेकवून बसली!

मोजून दोन मिनिटं. तं आलं वऱ्हाड! लग्नाच्या आधीचे फोटो काढते ना आजकाल, तेच. पोट्टीचा लाल गाऊन येवढा लांब, का पोट्टी बाकापाशी अन् गाऊन अजून गेटात! नवरदेव सुटात, घामानं निथळून राहिला. अन् फोटोवाला, डोक्यावर गॉगल, लाडात येऊन म्हनते कसा, "आजीऽऽ, पाच मिनिट उठता का? आमाले हे बाक पाह्यजे. जुना लूक हाय ना, भारी येते!"

सासू म्हने, "नाई."

"आजी, आमच्यापाशी परवानगी हाय!" अन् कागद काढला. लेकाच्यानं कागद काढला कोनापुढं? माह्यापुढं! एकोनीस वर्सं रजिस्ट्रीत कागदंच वाचून राहिली मी! म्या काई म्हटलं का? काई नाई म्हटलं! निस्ता तो कागद वाचून दाखवला, मोठ्यानं, अट क्रमांक सहासकट. 'बागेत बसलेल्या नागरिकांना जागेवरून उठवता येणार नाही.' अन् मंग आनखी एकडाव वाचला, कारन नवरदेव मांगं उभा होता.

फोटोवाल्यानं तावातावानं बागेच्या सुपरवायझरले फोन लावला. तो आला. ललित नाव, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. म्हटलं, आता हा उठवते! मी पदर खोचला. पन त्यानं तोंड उघडाच्या आधी सासूच म्हने, "काऊन रे बाबू, कारंजं कोल्डं काऊन, पानी कुठी गेलं?"

लागलीच रडकुंडीले आला ना तो! "काय सांगू आजी! नवा पंप बसवला, पन पानी कारंजापर्यंत पोचतच नाई. जमिनीत कुठीतरी पाइपाचा जुना वॉल हाय, पानी सोडाचा, तो बंद हाय, अन् नकाशात तं तो नाईच! चार जागी खोदलं. उद्या मोठे साहेब पाह्याले येनार हाय, आता त्याईले काय खड्डे दाखवू?"

सासू हासली. तीनच्या तीन दात दाखवून हासली! "तो वॉल रोज सकायी मीच खोलत होती, बाबू."

"आजी! चला ना, दाखवा!"

आता आयका. सासू म्हने, "मी उठनार नाई. मी सांगते, तू मोज."

अहाहा! बाकावर बसून, बोट लांब करून हुकूम! "त्या चाफ्याच्या बुडापासून निघ. कारंजाकडे तोंड कर. सतरा पावलं. अरे तुहे नाई, तुहे ढांगा हायेत, बाईचे पावलं पाह्यजे!" आता बाईचे पावलं आनाचे कुठून? मी निघतच होती, तं ती नवरी! तिनं तो लाल गाऊन गोळा करून कमरेले खोचला, सँडल फेकल्या अन् निघाली... एक, दोन, तीन... नवरदेव मांगून मोजते, फोटोवाला कॅमेरा सोडून मोजते, "सोळा! सतरा!" सासू म्हने, "आता डाव्या हाताले एक. खोद!"

ललितनं सब्बल मारली. माती. आनखी माती. मंग टन्न! लोखंडाचं झाकन!

पन वॉल जाम. ललित अन् नवरदेव दोघंबी लटकले, हलेच ना! सासू बाकावरून वरडली, "उलट्या हातानं फिरते तो! इंग्रजाचा हाय!" फिरवला उलटा... अन् जमिनीत गुरगुर गुरगुर, कारंजं दोनडाव खोकललं, गंजाचं लाल पानी थुकलं, अन् मंग सर्रर्रर्र! थेट बुचाच्या फांदीपर्यंत! नवरी पान्यात नाचाले लागली, फोटोवाला "थांबा, थांबा, हेच पाह्यजे!" करत भिजत भिजत फोटो काढून राहिला, अन् म्या काई नाई म्हटलं, म्या शिट्टी मारली. बोटं तोंडात घालून! रजिस्ट्रीतल्या बाईनं!

ललित सासूच्या पाया पडाले आला. सासूनं त्याचा हात धरला, "पाया नको पडू. बस अठी बाजूले, जागा हाय." अन् डबा उघडला. भाकर, ठेचा, कांदा. बाकावर बसून सासू खाये, तिच्या बाजूले सुपरवायझर खाये, अन् नवरी ओल्या गाऊनात उभ्यानं तिसरी भाकर मांगे!

आता ललितनं सांगून ठेवलं, आजी, दर रैवारी याचं. सासूनं तिच्यासंगं कामाले असनाऱ्या दोघी हुडकून काढल्या, सुंदराबाई अन् जयवंताबाई. तिघी जनी पाठ टेकवून बसते, बाक भरून जाते. अन् मी? सहा दिवस ऑफिस, सातव्या दिवशी यष्टी. गेल्या रैवारी पाय लय दुखून राहिले म्हनून जराशी गवतावर टेकली, तं नवा चौकीदार धावत आला, "ओ बाई! उठा! गवतावर बसनं मना हाय!" म्या आशेनं सासूकडे पाह्यलं...

सासू म्हने, "ऊठ व संध्या. बरोबर हाय त्याचं. गवत नवं हाय."