नऊशेच्या आत

वर्षाराणी : मुद्दाम. होय काका, मुद्दामच वर न्यायचा.

जयसिंग : ताई, डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? सव्वीस वर्सं ह्या भट्टीवर बसतोय. आकडा नऊशेच्या वर कधी जाऊ दिला न्हाय.

मीटर : ८४०.

(शिरोलीजवळची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना; एकतीस डिसेंबरची दुपार. वर्षाराणी मालकीण, जयसिंग भट्टी चालवणारा. भट्टीशेजारचा मीटर ओढलेल्या विजेची दर पंधरा मिनिटांची सरासरी किलोवॅटमध्ये धरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो; पंधरा मिनिटं संपताना असेल तोच आकडा मोजला जातो. तोही बोलतो असं समजावं.)

वर्षाराणी : आज जाऊ द्या. नऊशे एक झाला तरी बास.

जयसिंग : आन् दंड?

वर्षाराणी : भरते की मी. ऐका आधी. बाहेरच्या कंपनीची वीज घ्यायची, तर वीज कचेरीची मंजुरी हजाराची लागते. आपली नऊशेची. शंभर वाढवून द्या म्हणून वीज कचेरीत दोन वर्षं चपला झिजवल्या. एकच उत्तर, लाइनवर जागा नाही.

जयसिंग : जागाच न्हाय म्हटल्यावर काय करतासा?

वर्षाराणी : आणि परवा तिथल्याच एका बाईंनी हळूच सांगितलं. एका वर्षात चारदा नऊशे ओलांडले, की तेच आपणहून मंजुरी वाढवतात, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याएवढी.

जयसिंग : मागितली तर जागा न्हाय, आन् घुसलं तर हुतीया? एस्टीगत झालं की!

वर्षाराणी : एस्टीगतच. आपलं तीनदा झालंय.

जयसिंग : माझ्या हातनं न्हाय!

वर्षाराणी : तुमचा हात मोडला होता तेव्हा. आकाराम बसायचा ना भट्टीवर. एप्रिल, मे, जून. मेमध्ये तर हजार दहापर्यंत नेला त्यानं.

जयसिंग : लई बोललो त्याला मी. म्हटलं, तुला भट्टी न्हाय, चहाची शेगडी दिली पायजे. महिनाभर माझ्याकडं बघत नव्हता त्यो.

वर्षाराणी : आता पेढे द्या त्याला. उद्यापासून नवीन वर्ष, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि भट्टीत हे शेवटचं लोखंड, आणखी घालायला नाही. ते तयार होईपर्यंत जी पंधरा मिनिटं आहेत, तेवढीच आपल्या हातात.

मीटर : ८७२.

जयसिंग : बाहेरची वीज म्हंजे तारा नव्या टाकायच्या?

वर्षाराणी : तारा ह्या वीज कचेरीच्याच.

जयसिंग : मग ती बाहेरची कशावरनं? गंगावेशीत दूध प्यायला गेलं तर म्हस म्होरं हुबी असती. पिळताना दिसतंय. हितं म्हस कुठं हाय?

वर्षाराणी : म्हैस विदर्भात, किटली ह्यांची. किटलीचं भाडं देऊनसुद्धा स्वस्त पडतं.

जयसिंग : आन् न्हाय जमलं तर?

वर्षाराणी : आपल्याकडनं ओतकाम करून घेणारे पंपवाले मार्चपासून काम राज्याच्या सीमेपलीकडं देणार. तिथं वीज स्वस्त, त्या दरात माल देणं आपल्याला परवडत नाही. मग ही भट्टी बंद, नाहीतर उचलून निपाणीच्या पुढं. याल तिकडं?

जयसिंग : उचगाव सोडून? आई अंथरुणाला खिळलीया. बायकूला, पारूला, एकटीला उचलत न्हाय ती. रोज दुपारी मी जाऊन कूस बदलून येतोय.

मीटर : ८९१.

जयसिंग : सांगा. काय करू?

वर्षाराणी : भट्टीचा नॉब पूर्ण वर. आकाराम! वाळूचा मिक्सर सुरू कर! कॉम्प्रेसर पण! दोन्ही, दोन्ही!

जयसिंग : अण्णा असतं तर मलाच भट्टीत घातलं असतं. तुमच्या बानं पैल्या दिवशी हितंच बसवून सांगितलं, पंधरा मिनिटं सरायच्या आधी दोन मिनिटं नॉबवरचा हात खाली. जेवताना बी हात तसाच जातोय माझा. पारू हसती.

मीटर : ९०४.

जयसिंग : आयला! लाल हुतोय व्हय ह्यो आकडा?

वर्षाराणी : तुम्हाला माहीत नव्हतं?

जयसिंग : कधी बघितलाच न्हाय की.

वर्षाराणी : बघा आता पोटभर. आभाळ कोसळलं का?

जयसिंग : अजून तरी न्हाय.

मीटर : ९१२.

वर्षाराणी : झालंच. दोन मिनिटं राहिली. थांबा, बाहेरच्या वीजवाल्यांचाच फोन. हां, नमस्कार साहेब! हो, वर गेलाय. जानेवारीतच अर्ज करते. काय? नाही, नाही, मिक्सरचा आवाज आहे. बोला ना.

मीटर : ९०५.

वर्षाराणी : हो साहेब, कागद सगळे तयार. दोन वर्षांपासून तयार!

मीटर : ८९९.

मीटर : ०.

वर्षाराणी : ठेवते, साहेब. काका, शून्य का दाखवतोय?

जयसिंग : फुडची पंधरा मिनिटं लागली.

वर्षाराणी : आधीची किती झाली?

जयसिंग : लोखंड बघू द्या आधी.

वर्षाराणी : किती, काका?

जयसिंग : आठशे नव्व्याण्णव.

वर्षाराणी : नॉब कुणी खाली घेतला?

जयसिंग : मीच की. म्हंजे ह्यानं. ह्या हातानं. मी मिक्सरकडं बघत हुतो ताई, आईच्यान सांगतो.

वर्षाराणी : परत वर घ्या.

जयसिंग : लोखंड तयार हाय. आता वर घेतलं तर भट्टीच जळंल.

वर्षाराणी : आकाराम, मिक्सर बंद कर. कॉम्प्रेसर पण.

जयसिंग : मला बोला की कायतरी. शिव्या तरी द्या. आज आकारामाला बसवायला पायजे हुतं.

वर्षाराणी : ओता, काका. गार व्हायला लागेल. अण्णा असते, तर आज पाठ थोपटली असती तुमची.