अश्वजितचा कप

—नाई नाई, वासुदेवराव, असं काई होत नाई त्याच्यानं, कोनी सांगतलं तुम्हाले? बसा ना नीट, असे खुर्चीच्या काठावर काऊन बसले? हे येतीलच आत्ता, विहारात मीटिंग हाय म्हनून गेले. तोवर मी सांगते. आई हाय ना मी त्याची, माह्यापेक्षा जास्त कोनाले ठाऊक असन? पोरगी द्यायची म्हनल्यावर तुम्ही विचारनारच, बापाचा जीव हाय. हिंगणघाटाहून सिंदीले त्याच्याचसाठी आले, तर विचारा, सगळं विचारा — अश्वजित माहा अणुभट्टीवर इंजिनिअर हाय, झाकून काय ठेवायचं? पयले झाकत होती मी. लोकाले सांगो, पोरगा इजेच्या कंपनीत हाय. खोटं थोडीच हाय ते — वीजच तर बनवतात तिथं! पन दोन जागी जुळत आलेलं मोडलं ना भाऊ, अणू म्हनल्याबरोबर लोकायनं फोन उचलनंच बंद केलं. म्हनून आता पयलेच सांगून टाकते.

तर काम काय करते, ऐका. लय दूर, समुद्राच्या काठावर हाय त्याची भट्टी. ती थंड ठेवाले पानी सारखं फिरत राह्यते, ते पानी फिरवनारे मोठाले पंप त्याच्या हाताखाली. भट्टी बंद करून दुरुस्ती काढली का मंग आत जा लागते. तवा छातीवर बिल्ला — किती किरनं अंगावर आले, ते तो बिल्ला मोजते. डोस म्हनतात त्याले. वर्षाचा डोस ठरलेला हाय, त्याच्यावर गेलं का साहेब असो का मजूर, चला बाहीर! अन् निघताना मशीनमंदी उभं राहा लागते, हात आत, पाय आत, मशीन साफ म्हनन तवाच पुढं जाऊ देतात. आता सांगा, आपल्या घरात येनाराले कोनी एवढं तपासते? तुम्ही आत्ता धुळीच्या पायानं आले, मी काई म्हनलं? —हासा हासा, गम्मत केली.

मलेही भेव वाटे, नाई कशाले म्हनू? तो समजावून सांगे — आई, मी उन्हात काम करतो असं समज. उन्हातून आलेला मानूस घरात ऊन घेऊन येते का? मी म्हनो, नाई बा. मंग झालं तर, म्हने. समजलं होतं ना मले! चांगलं समजलं होतं. पन एक डाव बोलता बोलता म्हने, आमच्याकडं बाई गरोदर राह्यली का तिले आतल्या कामावरून काढतात, बाहीरचं काम देतात, नियमच हाय. तो आपला कौतुकानं सांगून राह्यला, का पाह्य आमच्याकडं किती काळजी घेतात — अन् माह्या डोक्शात तेवढंच बसलं. बाकीचं सारं निथळून गेलं, तेवढा गाळ राह्यला. अन् मंग जागृती, माही पोरगी, पयल्या बाळंतपनाले घरी आली, अन् तोही नेमका सुट्टीत आला, तवा मी... जाऊ द्या. चिवडा घ्या तुम्ही.

काई नाई केलं हो! गादी त्याची समोरच्या खोलीत टाकली. जागृती रातभर उठत राह्यते बापू, तुही झोपमोड होते, असं म्हनलं. कपडे त्याचे वेगळे धुतले. अन् ताट वेगळं. अन् एक कप — त्याच्या बुडाले नेलपॉलिशचा ठिपका लावला, जागृतीच्याच बाटलीतून, म्हंजे मले ओळखू यावा. बस, एवढंच. माया काई कमी नोहती. पाटवडीचा रस्सा करून घातला त्याले, समोर बसून, पोट भरस्तोवर — हौ, त्याच ताटात. कोनाले समजलंही नसतं. पन जागृतीनं चहा गाळला, हाताले येईन तो कप घेतला, तोंडाले लावनार, अन् मी ओरडली — "तो नको वो माय, तो अश्वजितचा हाय!"

अन् हा दारात उभा.

इंजिनिअर मानूस, त्याले काय समजावून सांगा लागते? तिच्या हातातून कप घेतला, चहा सांडला मोरीत, कप उलटा केला, ठिपका पाह्यला. मले वाटलं आता चिडन, भांडन. चिडला असता तर बरं झालं असतं हो! त्यानं तो कप विसळला अन् खिडकीच्या कोनाड्यात पालथा घातला, बाकीच्या भांड्यापासून वेगळा. हे असं त्यानं कोनापासून ऐकलं? माह्या सासऱ्यापासून. त्यायले, रामाजीले, गावच्या हॉटेलात चहा भेटे तो बाहीर उभं राहून, कोनाड्यातल्या कपात — आपल्या हातानं घ्या, आपल्या हातानं विसळा, आपल्या हातानं पालथा घाला. ह्याले मांडीवर घेऊन सांगत ते, म्हनून तो धर्म सोडला बेटा आपन. तुमच्याही बापानं पेला असन असा चहा, तुम्हाले काय सांगू. त्याच रामाजीच्या घरात, बाबासायबाच्या फोटोखाली, मीनं शेन खाल्लं. सख्ख्या पोराचा इटाळ धरला मीनं, वासुदेवराव.

सुट्टी बाकी होती, तरी दुसऱ्या दिवशी निघून गेला. मी म्हनलं, लवकर येजो बापू. हौ म्हने. जागृतीचं लेकरू आता घरभर पयते, मामानं अजून पाह्यलं नाई त्याले. फोन करते ना, करते — तब्येत कशी हाय, गोळी घेतली का, अन् मंग बाबाजवळ दे म्हनते. लग्नाचं काढलं तर म्हने, तू पाह्य, मी त्या दिवशी येतो. मले वाटलं, सून आली तर तिच्यासाठी तरी येईन घरी. म्हनून तुमच्याजवळ मघापासून एवढी बडबड...

काय? बरोबर केलं म्हनता?

...हौ, ऐकून राह्यली मी. बोला. लग्नाले तुमची ना नाई. फक्त पोरगी तिकडं पाठवायची नाई, लेकरू होईस्तोवर इथं सिंदीत माह्याजवळ ठेवायची. अन् तो सुट्टीत आला तर थोडं सांभाळून. मी केलं तसं. आई असून तुम्ही एवढी काळजी घेतली, म्हनून माहा तुमच्यावर भरोसा बसला, म्हनता.

म्हंजे आज हौ म्हनलं का सोयरीक पक्की. घरात सून. अन् तोही येईन. हं... समोरच्या खोलीत येईन.

नाई. नाई जमत, वासुदेवराव. तुमच्या पोरीबद्दल माहा एक शब्द वाकडा नाई, सोन्यासारखी असन. पन त्याचा कप वेगळा ठेवनारं एक घर झालं, तेच लय झालं. माफी मले मागाची हाय त्याले, ते माह्याच तोंडानं होईन, सून आनून नाई होत. नाई, यांची वाट नका पाहू, यांले मी सांगते काय सांगायचं ते. उठा. हिंगणघाटची बस भेटन तुम्हाले स्टँडावर. जयभीम.